त्याला तुरुंग नको, घर द्या

शुक्रवार होता. मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, आमच्या उर्दू शाळाही बंद असतात. जुम्याच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घडी घातलेले कागद. मी त्यांना लगेच ओळखले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. गणितात बरा होता, अक्षर घाणेरडे होते, आणि नववीत असताना मागावर जायला लागला म्हणून शाळा सुटली. अशी मुले आमच्या प्रत्येक वर्गात असतात.

"आपा, इसमें क्या लिखा है, जरा पढ़ के बताइए," ते म्हणाले.

कागद पोलिसांच्या पंचनाम्याचे होते आणि मराठीत होते. या गृहस्थांनी तीस वर्षे माग चालवला. त्यांना उर्दू वाचता येते, कामापुरते मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. मोहल्ल्यात मराठी कागद आला की तो फिरत फिरत आम्हा शिक्षकांकडे येतो. रेशनकार्ड असो, वीजबिल असो, कोर्टाची नोटीस असो. त्या दिवशी मी मोठ्याने वाचले, की एकोणीस वर्षे वयाचा इसम आपल्या कब्जात अल्प्राझोलम या गुंगीकारक औषधाच्या सहा स्ट्रिपा बेकायदेशीररीत्या बाळगताना मिळून आला, त्यांचे एकूण वजन अमुक ग्रॅम. खाली पंचांच्या सह्या. वाचताना मी मनातल्या मनात उर्दू करत होते आणि ते खाली मान घालून ऐकत होते. मालेगावात या गोळीला 'कुत्ता गोली' म्हणतात. ते नाव त्यांना माहीत होते. 'अल्प्राझोलम' ऐकून ते गोंधळले, त्यांना वाटले हा दुसराच कुठलातरी गुन्हा लावला आहे.

जाताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जेल में नशा तो छूट जाएगा ना, आपा?"

मी 'इन्शाअल्लाह' म्हणाले. दुसरे काय बोलावे ते मला सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मलाही थोडेसे तसेच वाटत होते. चार भिंतींच्या आत गोळी कुठून मिळणार? पडेल काही दिवस तळमळत, मग शहाणा होईल. मी बी.एड. केलेली बाई, बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी पास झालेली, आणि माझे ज्ञान मोहल्ल्यातल्या कट्ट्यावरच्या ज्ञानापेक्षा तसूभरही पुढे नव्हते. हा लेख म्हणजे त्या चुकीच्या उत्तराची दुरुस्ती आहे.

मुलगा अकरा महिने आत राहिला. शिक्षा झाली म्हणून नव्हे, तर कच्चा कैदी म्हणून. त्याच्या कलमात जामिनाची फार कडक अट नव्हती. पण वकिलाची फी नव्हती, आणि पुढे जामीन मंजूर झाला तेव्हा जामीनदार मिळेना. नशेच्या केसमध्ये कोण उभा राहणार? सख्ख्या मामानेही हात वर केले. अटक झाल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत त्याला झटके आले होते, असे तो नंतर म्हणाला. रोज खाल्ली जाणारी ही गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकते. म्हणून डॉक्टर ती हळूहळू कमी करत आणतात. हे मला फार उशिरा एका डॉक्टरांनी समजावून सांगितले. कोठडीत हळूहळू असे काही नसते.

बाहेर आला तेव्हा त्याची कुत्ता गोली सुटली होती. वडिलांनी मोहल्ल्यात मिठाई वाटली. दोन महिन्यांनी कळले की तो आता एमडी घेतो. ज्याच्याकडून घेतो, त्याची ओळख आतच झाली होती. गोळी विकणाऱ्या मेडिकलच्या पोऱ्यापलीकडे ज्याला कोणी ठाऊक नव्हते, त्याला सरकारने अकरा महिने त्या धंद्यातल्या अनुभवी माणसांच्या शेजारी झोपायला जागा दिली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण आपल्या लोकांचा समज असा आहे की कायद्यात नशा करणाऱ्याला फक्त जेल आहे. तसे नाही. अमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो १९८५ चा आहे. त्याच्या कलम ६४-अ नुसार, जो व्यसनी नशा केल्याच्या किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याच्या आरोपात सापडला आहे आणि स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार आहे, त्याने तो उपचार घेतला तर त्याच्यावर खटला चालवला जाणार नाही. उपचार अर्धवट सोडला तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ त्याच्या पुढचे आहे. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनीला न्यायालय, त्याची संमती असेल तर, शिक्षा देण्याऐवजी बंधपत्रावर उपचारासाठी पाठवू शकते. एक वर्षाच्या आत अहवाल घेऊन परत यायचे, आणि अहवाल चांगला असेल तर समज देऊन आणखी बंधपत्रावर सोडायचे. कलम ७१ सरकारला अशी केंद्रे काढण्याचा अधिकार देते. म्हणजे ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना हे माहीत होते की व्यसनी हा आजारी माणूस आहे. मग या कलमांचा उपयोग आमच्या मुलांना का होत नाही?

पहिले कारण वजनाचे आहे. अल्प्राझोलमसाठी 'अल्प प्रमाण' पाच ग्रॅमपर्यंत धरले जाते. एका गोळीत हे औषध बहुधा अर्धा मिलिग्रॅम असते. त्या मुलाकडे साठ गोळ्या होत्या, म्हणजे खरे औषध फक्त तीस मिलिग्रॅम. पाच ग्रॅम कुठे आणि तीस मिलिग्रॅम कुठे! पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग प्रकरणात सांगितले, की मिश्रणातला बिनकामाचा भागही वजनात धरायचा. गोळी शंभर-दीडशे मिलिग्रॅमची असते, त्यात बाकी सगळी भुकटी. साठ गोळ्यांचे वजन सहा-सात ग्रॅम झाले आणि मुलगा 'अल्प'च्या बाहेर गेला. अल्प प्रमाणात जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा, त्याच्या बाहेर गेला की दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ६४-अ चे दार बंद, ३९ चे दार बंद. कलम ३३ मुळे, वय अठराच्या वर असेल तर, परिवीक्षेवर सोडण्याचा साधा मार्गही बंद. खडूच्या भुकटीसारख्या पाच-सहा ग्रॅमवर एका पोराचे तारुण्य तोलले जाते. मी गणित शिकवते, पण हा हिशेब मला वर्गात मांडता येणार नाही.

दुसरे कारण साधे आहे. या कलमांची आठवण न्यायालयाला करून द्यायला कोणी नसते. पहिल्या दिवशी हजर करतात तेव्हा बाप बाहेर उभा असतो, त्याच्या हातात न वाचता येणारा कागद असतो.

तिसरे कारण सगळ्यात मोठे आहे, आणि मी हा लेख मुख्यतः त्यासाठी लिहीत आहे. न्यायाधीशांनी मनात आणले तरी पाठवायचे कुठे?

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे काम नाही असे कोणी म्हणू नये. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केले. त्याच काळात गर्दचा विळखा मराठी वाचकाला पहिल्यांदा अवचटांच्या लेखणीतून कळला. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये 'कृपा' सुरू केली. या लोकांनी व्यसनीला माणूस म्हणून वागवायला शिकवले, हे त्यांचे उपकार आहेत. मुक्तांगणचा मूळ कार्यक्रम पस्तीस दिवसांचा, आणि नंतर पाठपुरावा. ज्याला घरी परत जायला नोकरी आहे, समजूतदार बायको आहे, पगाराची वाट पाहणारी मुले आहेत, त्याला पस्तीस दिवसांनी आणि पाठपुराव्याने आधार मिळतो. असे कितीतरी लोक उभे राहिले आहेत.

पण माझा विद्यार्थी कुठे परत जाणार? दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे. रात्रपाळीचा माग, कानठळ्या बसवणारा आवाज. गल्लीच्या तोंडाशी तेच मित्र, तोच पानठेला, तेच मेडिकल. शिक्षण नववी नापास, वर पोलिसांत नाव. त्याचे व्यसन फक्त त्याच्या रक्तात नाही, त्याच्या चोवीस तासांच्या वेळापत्रकात आहे. महिनाभराने रक्त स्वच्छ होते. वेळापत्रक तेच राहते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे, की नव्वद दिवसांपेक्षा कमी काळाच्या निवासी उपचाराचा परिणाम मर्यादित राहतो. आमच्याकडे तर नव्वद दिवस ही चैन समजली जाते.

म्हणून दीर्घकाळाचे घर हवे. वर्ष, दीड वर्ष, दोन वर्षे. ही काही माझी कल्पना नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९७१ पासून 'डिलान्सी स्ट्रीट' नावाची संस्था आहे. तिथे येणारे बहुतेक लोक तुरुंगातून येतात किंवा तुरुंगाऐवजी येतात. किमान दोन वर्षे राहावे लागते. कोणाकडून पैसे घेत नाहीत. सामान हलवण्याचा धंदा, खाणावळ, नाताळची झाडे विकणे, अशा कामांतून ते आपला खर्च चालवतात. ज्याला वाचता येते तो न येणाऱ्याला शिकवतो, जुना माणूस नव्या माणसाची जबाबदारी घेतो. इटलीत रिमिनीजवळ 'सान पात्रिन्यानो' १९७८ साली सुरू झाले. तिथे तीन-चार वर्षे राहायचे, विणकाम, सुतारकाम, द्राक्षबाग असे काहीतरी शिकायचे, आणि तेही मोफत. इटलीच्या १९९० च्या कायद्यात अशी सोय आहे, की सहा वर्षांपर्यंतची शिक्षा उरलेला व्यसनी, काही गंभीर गुन्हे वगळता, ती शिक्षा तुरुंगाऐवजी उपचाराच्या जागी भोगू शकतो. म्हणजे न्यायाधीशाच्या हातात दोन कागद असतात, आणि दुसऱ्या कागदावर एका खऱ्या जागेचे नाव असते.

विणकामाचे वाचून मी थांबले. मालेगावची, भिवंडीची, इचलकरंजीची मुले मागावर बिघडतात. तोच माग दिवसपाळीला, आठ तासांचा, शिकवणारा उस्ताद शेजारी आणि रात्री झोप, असा असता तर?

अशा घरात काय होते ते समजून घेतले पाहिजे, नाहीतर लोकांना वाटते की दोन वर्षे फुकट खायला घालायचे. पहिले काही आठवडे डॉक्टरांचे असतात, शरीरातून विष उतरवायचे. त्यानंतर खरे काम सुरू होते. झोप नीट व्हायला, राग आवरायला, कोणी 'नाही' म्हटले तर ते ऐकून घ्यायला महिने लागतात. मग वेळेवर उठणे, झाडू मारणे, स्वयंपाकात हात लावणे. सहा महिन्यांनी एखादा हुन्नर, आणि ज्याचे शिक्षण सुटले त्याला दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म. वर्षाने हातात थोडे पैसे द्यायचे आणि पाहायचे की तो ते कुठे घालवतो. शेवटच्या टप्प्यात दिवसा बाहेर कामाला जायचे आणि रात्री परत यायचे. या प्रवासात माणूस एकदा-दोनदा घसरतो. घसरला की जेलमध्ये नवी केस होते. घरात त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा झाडू हातात घ्यावा लागतो.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप असा, की हे गुन्हेगारांचे लाड आहेत. मी माल बनवणाऱ्याची, विकणाऱ्याची वकिली करत नाही. त्याला खुशाल कठोर शिक्षा द्या. पण कठोरपणा कोणाच्या वाट्याला येतो ते पाहा. २०२३ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या ससून रुग्णालयातून एमडीच्या मोठ्या प्रकरणातला आरोपी पळाला. तो कैदी म्हणून महिनोन्महिने तिथे उपचार घेत होता. त्याच महिन्यात नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. सगळी वर्तमानपत्रे भरून गेली. त्या बातम्या वाचताना माझ्या मनात एकच आले, की ज्याच्यावर माल विकल्याचा आरोप आहे त्याला रुग्णालय मिळाले, आणि जो खरोखर रुग्ण आहे त्याला कोठडी मिळाली.

त्याआधी २०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या क्रूझवर छापा पडला, एका मोठ्या नटाच्या मुलाला सव्वीस दिवस कोठडीत काढावे लागले. पुढे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याच्यावर आरोपपत्रच दाखल झाले नाही. त्या काळात टीव्हीवर शहाणी शहाणी माणसे सांगू लागली, की तरुण मुलांना जेलमध्ये टाकणे चूक आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अल्प प्रमाणासाठी तुरुंगाऐवजी उपचार सुचवल्याच्या बातम्या आल्या. आमच्या मोहल्ल्यातही आशा वाटली. त्याच वर्षी डिसेंबरात कायद्याला दुरुस्ती झाली, पण ती कलमांच्या क्रमांकातली एक जुनी चूक सुधारण्यासाठी. उपचाराची गोष्ट बातमीतच राहिली.

दुसरा आक्षेप खर्चाचा. कैदीही सरकारी भाकरीच खातो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पाच लाख त्र्याहत्तर हजार माणसे होती, त्यांपैकी चारांत तीन कच्चे कैदी होते. त्यांचा खर्च होतोच आहे, फक्त त्यातून काही उभे राहत नाही. आणि तुरुंगातून सुटका ही व्यसनीसाठी सर्वांत धोक्याची वेळ असते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचे प्रमाण इतर लोकांच्या जवळजवळ तेरा पट होते, आणि मुख्य कारण नशेचा अतिरेक. आत राहून शरीराची सवय मोडते, मन तेच असते, बाहेर येऊन माणूस जुन्याच मापाने घेतो आणि मरतो. गर्दच्या व्यसनात हे फार घडते. अशा व्यसनात काहींना वर्षानुवर्षे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषधच द्यावे लागते. घर हे सगळ्यांचे उत्तर आहे असा माझा दावा नाही. पण तुरुंग हे कोणाचेच उत्तर नाही.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेते. घराच्या नावाखाली छळछावण्या निघतील. निघाल्याच आहेत. आमच्या भागातल्या एका 'केंद्रा'तून परत आलेल्या मुलाच्या पायावर साखळीचे वळ मी पाहिले आहेत. तिथे उपचार म्हणजे मार आणि थंड पाणी. बापाकडून मात्र दरमहा पैसे. सान पात्रिन्यानोचाही इतिहास निर्मळ नाही. १९८० च्या दशकात माणसे साखळीने बांधून ठेवल्याबद्दल त्याच्या संस्थापकावर खटला चालला आणि १९८९ मध्ये तिथे एका माणसाला मारहाणीत जीव गमवावा लागला. म्हणून २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आपल्याला पाठ असला पाहिजे. त्या कायद्यात व्यसनातून येणारे मानसिक आजार धरले आहेत, अशा संस्थांना नोंदणी सक्तीची केली आहे आणि कोणालाही साखळीने बांधायला सरळ मनाई केली आहे. ज्या घराच्या खिडकीतून आई आत पाहू शकत नाही, ते घर नव्हे.

आता थोडे आपल्या लोकांशी. हा अंक आपल्या लोकांच्या हातात जातो, म्हणून हे इथेच बोलायचे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मुसलमान १४.२ टक्के आहेत. २०१९ च्या सरकारी आकडेवारीत कच्च्या कैद्यांत मुसलमान १८.७ टक्के होते. हे वाचून आपण व्यवस्थेच्या नावाने बोट मोडतो, आणि ते बरोबरही आहे. पण त्या आकड्यात जो आपला नशेडी पोरगा आहे, त्याच्यासाठी आपण काय केले? पोलीस घेऊन गेले तेव्हा गल्लीत 'चलो, मोहल्ला साफ हुआ' म्हणणारे आपणच होतो. निरपराध तरुण तुरुंगात गेला तर जमात वकील देते, आणि द्यायलाच हवा. नशेडीसाठी मात्र कोणी चिठ्ठीसुद्धा लिहीत नाही.

म्हणतात, हे हराम आहे, त्याची सजा भोगू दे. हराम आहेच, यात वाद नाही. पण ज्यांच्या हातात दारूचे प्याले होते त्या समाजाला ती सोडायला लावताना हुकूम एका दिवसात आला नव्हता, हे मदरशातल्या लहान मुलालाही शिकवले जाते. आधी तिचे नुकसान तिच्या फायद्याहून मोठे असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजला येऊ नका म्हटले गेले, आणि शेवटी संपूर्ण मनाई झाली. सवय कशी सुटते याची जाण त्यात आहे. मग आपल्या पोराला आपण एका रात्रीची मुदत कशी देतो?

काही आई-बाप मुलाला चाळीस दिवसांच्या चिल्ल्यावर पाठवतात, काही दर्ग्यावर हाजरीसाठी बसवतात. चाळीस दिवस तो गल्लीपासून दूर राहतो, वेळेवर उठतो, वेळेवर जेवतो, चार भले लोक सोबत असतात, म्हणून सुधारतो. परत आला की पंधरा दिवसांत जैसे थे. चिल्ल्यावरून परत आल्यानंतरचे हे पंधरा दिवस काय सांगतात, तर मुलगा सुधारू शकतो, पण चाळीस दिवस कमी पडतात. आणि जमात हे काही इस्पितळ नव्हे. फिट आली तर तिथले भले लोक काय करणार?

खरे तर दीर्घकाळाचे मोफत वसतिगृह कसे चालवावे हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. आपण मदरसे चालवतो. शेकडो मुलांना सात-आठ वर्षे राहायला, खायला, शिकायला देतो, तेही जकात, सदका आणि कुर्बानीच्या कातड्यांच्या पैशावर. एवढ्या मोठ्या कामाचा अनुभव असलेला समाज पन्नास खाटांचे एक घर उभारू शकत नाही का? जकातीच्या आठ हक्कदारांत गुलामांच्या सुटकेचाही एक हिस्सा सांगितलेला आहे. आज बाजारात गुलाम नाहीत, पण गोळीच्या गुलामीतली पोरे दर गल्लीत आहेत. जकात यावर खर्च करता येईल का, हे ठरवायचा अधिकार उलेमांचा आहे, शाळामास्तरणीचा नाही. पण त्यांनी तो प्रश्न अजून विचारातच घेतलेला नाही, एवढे म्हणायचा हक्क मला आहे. आणि जिथे जकात चालणार नाही तिथे देणग्या आहेत. घराचे दार मात्र सगळ्यांना उघडे हवे. गोळी विकणारा जात-धर्म विचारत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बैठकांत कोणी बोलत नाही. या मुलांच्या मागे बायका आहेत. बांगड्या विकून जामीन देणारी आई, मार खाऊन गप्प बसणारी कोवळी बायको. आणि स्वतः गोळ्या खाणाऱ्या बायकाही आहेत, त्यांची नावे पंचनाम्यातही येत नाहीत आणि केंद्रातही. घर काढाल तेव्हा त्यांच्यासाठीही एक दार ठेवा.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. आरोपीला पहिल्यांदा हजर करतात त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने कलम ६४-अ आणि ३९ ची गोष्ट न्यायालयासमोर आणि आरोपीच्या भाषेत त्याच्यासमोर मांडावी. गोळीचे वजन धरताना त्यातले औषध धरावे, भुकटी नव्हे; त्यासाठी संसदेने कायदा बदलावा. महसूल विभागागणिक निदान एक सरकारमान्य घर असावे, जिथे वर्ष-दोन वर्षे राहता येईल, काम शिकता येईल, आणि ज्याची तपासणी बाहेरच्या लोकांकडून होईल. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात झोपेच्या, गुंगीच्या औषधांचा गैरवापर करणारे एक कोटी अठरा लाख लोक देशात आढळले. त्याच सर्वेक्षणानुसार बेकायदा पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या वीस जणांत एकालाच कधी दाखल होऊन उपचार मिळाले आहेत. उरलेल्या एकोणीस जणांपैकी काही माझे विद्यार्थी आहेत.

गेल्या महिन्यात ते गृहस्थ पुन्हा आले. दुसरी केस. या वेळी एमडी, दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे कायद्याने 'अल्प'. पंचनामा मी पुन्हा वाचून दाखवला, पण या वेळी त्यांनी काही विचारले नाही. मीच म्हणाले, या वेळी अर्ज करू. रात्री बसून मी तो मराठीत लिहिला, कलमे घातली, मुलाच्या संमतीची ओळ घातली. दुसऱ्या दिवशी वकिलांनी तो वाचला आणि बरा आहे म्हणाले. मग एका जागी बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, इथे केंद्राचे नाव लिहा. साहेब पहिला प्रश्न तोच विचारतील, वर्षभर ठेवून घेणारे मान्यताप्राप्त केंद्र कोणते?"

मी चार ठिकाणी फोन केले. एक जागा तीस दिवसांची, एक नव्वद दिवसांची पण खाट रिकामी नाही, एकाचा महिन्याचा खर्च मुलाच्या वडिलांच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा, आणि एकाने कोर्टाची केस म्हटल्यावर फोन ठेवून दिला. तारीख पुढच्या आठवड्यात आहे. अर्ज तयार आहे, त्यातली ती एक ओळ अजून कोरी आहे.